रक्तातला विळा आणि तापीकाठची कुटुंबे

बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावलेली तापी बऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशे ही गावे मागे टाकीत उकाईच्या धरणात विसावते आणि तेथून पुढे सुरतेला वळसा घालून समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या बाजूला, सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. हजिऱ्याचे पोलाद, खत आणि नैसर्गिक वायू यांचे कारखाने, तसेच खुद्द इच्छापोर येथील हिरे-जवाहिरांची उद्योगवसाहत यांमुळे हा सारा पट्टा आता कामगारांचा झाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या या भागात शेतमजुरी करणारे हळपती, व्यारा-सोनगढकडून आलेले चौधरी, गामित व वसावा, आणि धुळे, नंदुरबार, जळगाव येथून पोटापाण्यासाठी सुरतेस येऊन येथलीच झालेली आपली खानदेशी मंडळी, असा हा संमिश्र समाज आहे.

या नदीच्या काठाने, उगमाकडील डोंगराळ मुलखापासून मुखापर्यंत, रक्ताचा एक आनुवंशिक विकार आढळतो. डॉक्टर त्याला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, म्हणून हे नाव पडले. पेशींचा अभ्यास ज्या विकारापासून रेणूंच्या पातळीवर गेला, असा हा जगातील पहिला विकार होय. त्याच्याविषयी विज्ञानाला जितके बारकाईने ठाऊक आहे, तितके फार थोड्या रोगांविषयी असेल. असे असूनही ज्यांच्या घरात तो आहे त्यांतील कित्येकांना त्याचे नावही माहीत नसते. प्रयोगशाळा आणि घर यांमधील हे अंतर थोडे तरी कमी व्हावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एका पेशीची रचना

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी बशीसारखी, दोन्ही बाजूंनी मध्ये खोलगट असते आणि तिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट असतो. रक्तात उतरण्यापूर्वीच ती आपले केंद्रक टाकून देते आणि मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरून घेते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. फुप्फुसात प्राणवायू उचलावा, शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवावा आणि परत यावे, हेच तिचे काम. हे करताना तिला स्वतःहूनही अरुंद अशा केशवाहिन्यांतून अंग चोरून जावे लागते. निरोगी पेशी इतकी लवचीक असते की ती दुमडते, पार होते आणि पुन्हा पूर्वीच्या आकारात येते. सुमारे १२० दिवस हा प्रवास चालतो. विळ्याच्या आकाराची पेशी मात्र दहा-वीस दिवसांतच नाश पावते. अस्थिमज्जेने कितीही घाई केली तरी ही तूट भरून निघत नाही. रोग्याचा पांडुरोग हा असा उत्पन्न होतो. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात, आणि घरचे लोक कावीळ समजून झाडपाला करीत बसतात.

शिकागोपासून नागपूरपर्यंत

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली झाली. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकण्यासाठी शिकागोस आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या तरुणाच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरास विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ते निरीक्षण प्रसिद्ध केले. १९२७ साली असे सिद्ध झाले की प्राणवायू कमी पडला की या पेशी वाकतात आणि तो मिळाला की पुष्कळशा सरळ होतात. मग दोष पेशीत कोठे आहे? आवरणात की आतल्या द्रव्यात?

याचे उत्तर १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. विजेच्या क्षेत्रात ठेवल्यावर रोग्याचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीने सरकते, असे त्यांनी दाखविले. ज्यांना स्वतःला रोग नाही पण ज्यांच्या रक्तात तो सुप्त आहे, त्यांच्यात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सापडले. 'रेणूचा रोग' ही कल्पना वैद्यकात प्रथम आली ती येथे. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी या रेणूचे तुकडे करून नेमका फरक शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरे अमिनो आम्ल बसलेले असते. एवढाच काय तो फेरफार! आनुवंशिक लिपीत पाहिले तर अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एक अक्षर बदललेले असते.

भारतात हा विकार प्रथम आढळला तो १९५२ साली. निलगिरीच्या आदिवासींत लेमन आणि कटबुश यांना, तर आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत डनलॉप आणि मजुमदार यांना तो त्याच वर्षी दिसला. १९५८ साली शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून विदर्भ हे या अभ्यासाचे एक मोठे क्षेत्र ठरले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी भागांत या रोगावर जे दीर्घकाळ काम केले, त्याचा गौरव २०१९ साली पद्मश्रीने झाला.

वेळेची शर्यत

एक अक्षर बदलल्याने एवढा अनर्थ का व्हावा? ग्लुटामिक आम्ल पाण्याशी जमवून घेणारे आहे, तर व्हॅलीन पाण्यापासून फटकून राहते. हिमोग्लोबिनने आपला प्राणवायू ऊतींना देऊन टाकला की त्याचा आकार किंचित बदलतो, आणि एका रेणूचे हे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील खाचेत जाऊन बसते. त्याला तिसरा चिकटतो, मग चौथा. पाहता पाहता पेशीत ताठर धाग्यांचे जुडगे तयार होते आणि पेशीचे आवरण ताणून तिला विळ्याचा आकार देते.

परंतु हे धागे तत्क्षणी बनत नाहीत. १९७० नंतरच्या दशकात विल्यम ईटन, जेम्स हॉफरिक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्राणवायू सोडल्यावर धागे बनण्यास काही काळ जावा लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनी ओलांडून मोठ्या शिरेत पोचली तर ती निभावते. मध्येच अडकली तर मागून येणाऱ्या पेशींची वाट बंद होते. म्हणजे रोग्याच्या शरीरात क्षणोक्षणी एक शर्यत चालू असते, आणि बहुतेक पेशी ती जिंकतात म्हणूनच रोगी जगतो.

हा मधला काळ कशावर ठरतो, हे जाणून घेणे घरातल्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. पेशीतील हिमोग्लोबिन जितके दाट, तितका तो काळ कमी, आणि येथे थोड्याशा फरकानेही मोठा परिणाम होतो. दाटपणा किंचित वाढला की तो काळ कित्येक पटींनी घटतो. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीही पाणी गमावते आणि आतले द्रव्य दाट होते. वैशाखातल्या उन्हात शेतात राबणारी स्त्री, भट्टीपुढे उभा असलेला कामगार, जुलाबाने शुष्क झालेले मूल, यांना वेदनांचा झटका का येतो याचे उत्तर या प्रयोगात आहे. 'पाणी भरपूर पीत जा' हा डॉक्टरांचा सल्ला साधा वाटतो, पण त्यामागे पन्नास वर्षांचे पेशीविज्ञान उभे आहे. ताप, थंडीत भिजणे, अतिश्रम आणि उंच डोंगरावरील विरळ हवा हीदेखील झटक्याची कारणे होत.

अलीकडच्या संशोधनाने या चित्रात आणखी भर घातली आहे. विळ्याच्या पेशी नुसत्या अडकत नाहीत, त्या रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात. अस्तर त्यामुळे चिडते, पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात आणि वाट आणखी अरुंद होते. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषून घेते. यामुळे हा रोग एका पेशीत सुरू होऊन सर्व शरीराचा होतो. हाडे आणि सांधे दुखतात, प्लीहा निकामी होते, खुब्याचे हाड झिजते, फुप्फुसास इजा होते, आणि कधी कोवळ्या वयातच पक्षाघात होतो.

हा दोष टिकून का राहिला?

इतका घातक दोष निसर्गाने निपटून का काढला नाही, असा प्रश्न सहज मनात येईल. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून त्याचे उत्तर दिले. ज्याला हे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळाले आहे, अशा वाहकास घातक स्वरूपाच्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या रानात जी मुले वाचली, त्यांत वाहक अधिक होते. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवर, तापी-नर्मदेच्या खोऱ्यात, विदर्भाच्या जंगलपट्टीत हे जनुक अधिक का, याचा उलगडा यावरून होतो. दक्षिण गुजरातेतील काही जमातींत दर शंभरांत दहापासून तीसपर्यंत माणसे वाहक आढळली आहेत. विदर्भात आदिवासींप्रमाणे इतर समाजांतही वाहक आहेत. तेव्हा हा 'अमुक जातीचा रोग' असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. मलेरियाच्या मुलखात ज्यांच्या पूर्वजांनी दिवस काढले, त्यांच्या रक्तातील ती एक जुनी खूण आहे.

लग्नापूर्वीची खरी पत्रिका

आता सर्वांत नाजूक मुद्दा. वाहक हा रोगी नव्हे. त्याच्या पेशीत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते, आणि तो सामान्यतः निरोगी, कष्टाळू आयुष्य जगतो. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाले, तर त्यांच्या कोणत्याही मुलास हा रोग होत नाही. फार तर काही मुले वाहक निघतील. प्रश्न उद्भवतो तो दोघेही वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक गर्भारपणी रोगाची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते.

'प्रत्येक गर्भारपणी' हे शब्द वाचकांनी नीट ध्यानात घ्यावेत. पहिले मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. प्रत्येक वेळी सोंगट्या नव्याने पडतात.

आणि दुसरी गोष्ट अशी की रोगी मुलास जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. त्यात कणभरही कमी-अधिक नाही. तरीही घरात आजारी मूल जन्मले की सुनेला बोल लावला जातो, तिच्या माहेरचे रक्त काढले जाते, आणि प्रसंगी तिला परत पाठविले जाते. मुलगी वाहक आहे एवढे कळताच जमलेले लग्न मोडते, या भीतीने आईबाप तिची तपासणीच टाळतात. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय चाचणी लपविण्यात नाही. मुलगा आणि मुलगी दोघांचीही चाचणी झाली, तीही स्थळे पाहण्याच्या आधी आणि शक्यतो शाळा-कॉलेजच्या वयात, तर एकट्या मुलीवर ठपका येण्याचे कारण उरत नाही. छत्तीस गुण जुळविणाऱ्या आपल्या घरांनी एका थेंबाची ही पत्रिकाही मागावी, आणि वरपक्षाने ती आधी स्वतःची द्यावी.

दोघेही वाहक असून लग्न झालेले असेल, तरी वाट बंद होत नाही. गर्भाच्या जनुकांवरून हा रोग ओळखण्याची रीत १९७८ साली काही शास्त्रज्ञांनी प्रथम दाखविली. आज गर्भारपणाच्या सुमारे दहाव्या ते बाराव्या आठवड्यात अशी तपासणी करता येते. म्हणून गर्भ राहताच, पहिल्या भेटीतच, डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

चाचणीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. गावपातळीवर जी विद्राव्यता चाचणी होते, तिच्यात रक्त गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक कोण आणि रोगी कोण, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणारी दुसरी चाचणी करावीच लागते. पहिल्या चाचणीवरून कोणालाही 'रोगी' म्हणू नये. सहा महिन्यांच्या आतील बालकात ती चाचणी भरवशाची नसते.

उपचार: जुने आणि नवे

बालकाचा उल्लेख आला, तो पुढच्या सगळ्या संशोधनाचा धागा आहे. १९४८ साली जॅनेट वॉटसन या डॉक्टर बाईंच्या ध्यानात आले की रोगी अर्भकांना पहिले काही महिने त्रास होत नाही. गर्भातील हिमोग्लोबिन निराळे असते, आणि ते जन्मानंतर हळूहळू संपेपर्यंत बाळाचे रक्षण करते, असा तर्क त्यांनी केला. तो खरा ठरला. हे गर्भकालीन हिमोग्लोबिन धाग्यांत गुंफले जात नाही आणि त्यामुळे शर्यतीत पेशीला अधिक वेळ मिळतो. भारतातील बऱ्याच रोग्यांत ते मोठेपणीही अधिक प्रमाणात राहते. म्हणून येथील रोग आफ्रिकेतल्यापेक्षा काहीसा सौम्य मानला जाई. मात्र नागपूरकडील अनुभव असा आहे की तीव्र रोगीही येथे पुष्कळ आहेत. सौम्यतेच्या भरवशावर बसता येणार नाही.

मोठ्या माणसात हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढविणारे औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत या गोळीने वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने घटले. ती आपल्या देशात मिळते आणि फार महाग नाही. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वरचेवर रक्त तपासून घ्यावयाची असते आणि गर्भारपणी टाळावयाची असते. १९८६ साली असेही सिद्ध झाले की लहान रोगी मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास घातक जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. लसी, फॉलिक आम्ल, पाणी आणि तापाकडे तातडीने लक्ष, ही या उपचाराची बाकीची अंगे. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीवाचून देत राहू नये. हा पांडुरोग मुळात लोहाच्या अभावाचा नव्हे.

२००८ साली विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भकालीन हिमोग्लोबिन बंद करणारी कळ ओळखली. बीसीएल११ए हे त्या जनुकाचे नाव. रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून, जनुकाची कात्री म्हणता येईल अशा क्रिस्पर तंत्राने ती कळ निकामी करावयाची आणि पेशी परत शरीरात सोडावयाच्या, या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. रोगमुक्तीची ही खरीखुरी आशा आहे. परंतु अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यास बावीस लाख डॉलर ठरली, आणि त्यासाठी आधी जहाल औषधांनी जुनी अस्थिमज्जा नष्ट करावी लागते. भारतातही स्वस्त तंत्र शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. प्रत्येक नवे औषध टिकतेच असेही नाही. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्होक्सेलोटर हे औषध २०२४ साली सुरक्षिततेच्या शंकेमुळे जगभरातून मागे घेतले गेले.

दारापर्यंत आलेली सोय

गुजरातेने या बाबतीत लवकर पाऊल उचलले. २००६ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या उभारणीत मोठा वाटा असलेले वलसाडचे डॉ. यझदी इटालिया यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेस आरंभ झाला. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू न देणे, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर प्रत्येकास आपल्या रक्ताची स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या रोगाचा समावेश झालेला आहे, हे रोग्यांच्या आईवडिलांनी माहीत करून घ्यावे.

तरीही कारखान्याच्या पट्ट्यात राहणारी कुटुंबे अशा मोहिमांतून निसटतात. मोहीम मूळ गावी जाते तेव्हा ती कामावर असतात, आणि कामाच्या ठिकाणी त्यांचे नाव कोणत्याही यादीत नसते. नंदुरबारच्या पाड्यावरून येऊन इच्छापोरच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याची चाचणी बहुधा पहिले मूल हातपाय सुजून रडू लागल्यावरच होते. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या हातापायांची बोटे अशी दुखरी सुजणे, हे या रोगाचे अगदी आरंभीचे लक्षण आहे. शेजारीपाजारी, कामावर येणाऱ्या बाईच्या घरी, नातलगांत असे मूल दिसले तर 'सिकलची तपासणी केली का?' एवढे विचारावयास डॉक्टर असण्याची गरज नाही.

आपली मंडळे नवरात्रात आणि गणेशोत्सवात रक्तदानाची शिबिरे भरवितात. ज्या थेंबांनी रक्तगट ठरतो, त्यांबरोबर आणखी एक थेंब या चाचणीसाठी घेण्याची विनंती जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे करता येईल. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपताना आपण मुलांना कुळ, गोत्र, मूळ गाव आवर्जून शिकवितो. रक्ताची ही माहितीही त्याच वारशाचा भाग आहे, आणि ती वेळेवर कळली तर पुढच्या पिढीतले एखादे मूल रोज रात्री हाडांच्या वेदनेने जागणार नाही.